ज्वारीची भाकर, ल्युसिन आणि मेंदूचे रसायन

मन उदास का राहते, झोप का लागत नाही, कामात लक्ष का टिकत नाही, या प्रश्नांची उत्तरे माणूस पूर्वीपासून अन्नात शोधत आला आहे. मात्र ती उत्तरे प्लास्टिकच्या डब्यातील पांढऱ्या भुकटीत मिळतील, हा समज अलीकडचा आहे. झोपेसाठी ट्रिप्टोफॅन, एकाग्रतेसाठी टायरोसिन, मन शांत होण्यासाठी थिअनिन आणि स्नायूंसाठी ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन यांचे मिश्रण, अशा वाटणीने अमिनो आम्ले आज विकली जातात, आणि मोबाइलवरून मागवलेला हा माल मुंबई-पुण्याप्रमाणे यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या तालुक्याच्या गावीही घरपोच येऊ शकतो. या भुकट्यांनी मेंदूत खरोखर काही बदलते का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण अमिनो आम्लांमुळे मेंदूचे रसायन बदलते हे निर्विवाद आहे. वाद आहे तो कोणत्या दिशेने, किती आणि कोणाच्या मेंदूत, याबद्दलचा. या विषयावरील सर्वांत बोलके भारतीय संशोधन दख्खनच्या पठारावरील ज्वारीच्या भाकरीवर झालेले आहे, आणि राळेगावच्या वाचकाला ते परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा होत. अन्नातील डाळ, दूध, अंडे किंवा ज्वारी यांतील प्रथिने पचनाच्या वेळी सुटी होतात, त्यांचे मणी रक्तात येतात आणि शरीर त्याच मण्यांपासून स्वतःला हव्या त्या माळा पुन्हा ओवते. शरीरातील प्रथिने प्रामुख्याने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी नऊ प्रौढ माणसाला स्वतः तयार करता येत नसल्यामुळे ती अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. माळा ओवण्याखेरीज काही मण्यांना दुसरे काम असते. चेतापेशी, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेतील पेशी, एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने सोडतात, त्यांतील कित्येक रसायने अमिनो आम्लांपासून बनतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि त्यापासून पुढे झोपेच्या वेळापत्रकाशी संबंधित मेलाटोनिन तयार होते; फिनाइलॲलॅनिनपासून टायरोसिन, टायरोसिनपासून डोपामिन आणि डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन तयार होते; ग्लुटामेट आणि ग्लायसिन ही अमिनो आम्ले तर स्वतःच निरोप्याचे काम करतात, आणि ग्लुटामेटपासून बनणारे गॅबा हे मेंदूतील खळबळ आवरणारे प्रमुख रसायन आहे.

ट्रिप्टोफॅन, फिनाइलॲलॅनिन आणि टायरोसिन या तिघांची मूळ कर्मशाळा वनस्पतीत असते, याचा पुरावा राळेगावच्या कास्तकाराने स्वतःच्या वावरात पाहिलेला असतो. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारल्यावर चार-सहा दिवसांत तण पिवळे पडते, मान टाकते आणि वाळून जाते, ते वनस्पतीतील एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, अडवणुकीमुळे. हा विकर ज्या साखळीत काम करतो, त्या साखळीतून ही तीन अमिनो आम्ले बनतात. साखळी तुटली की तणाची उपासमार होते. माणसाच्या शरीरात ही साखळीच नाही. म्हणून हे तणनाशक माणसाला तणासारखे मारत नाही (ते निर्धोक आहे, असा याचा अर्थ नव्हे), आणि म्हणूनच सेरोटोनिन व डोपामिन यांचा कच्चा माल माणसाला झाडपाल्याकडून किंवा झाडपाला खाणाऱ्या जनावराकडूनच घ्यावा लागतो.

आता ज्वारीकडे वळता येईल. पेलाग्रा या रोगात गळ्याभोवती, हातापायांवर, जिथे जिथे ऊन लागते तिथे तिथे कातडी काळवंडून सोलपटते, जुलाब लागतात आणि मन बिघडते: आधी चिडचिड, निद्रानाश व उदासी, मग गोंधळ आणि अखेरीस बुद्धिभ्रंश. निॲसिन, म्हणजे ब गटातील तिसरे जीवनसत्त्व, कमी पडल्यामुळे हा रोग होतो. शरीराला निॲसिन दोन वाटांनी मिळते: एक सरळ अन्नातून आणि दुसरी ट्रिप्टोफॅनपासून, ज्यात सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडल्यावर एक मिलिग्रॅम निॲसिन हाती येते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने थैमान घातले होते आणि तेथील मनोरुग्णालयांत पेलाग्राचे रुग्ण मोठ्या संख्येने भरती होत असत. तो संसर्गजन्य आहे असे तेव्हा मानले जाई. १९१४ पासून त्याचा शोध घेणाऱ्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो निकृष्ट आहाराचा रोग असल्याचे दाखवून दिले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हिएम यांनी निॲसिनचे महत्त्व सिद्ध केल्यावर, वेडे ठरवलेले रुग्ण काही दिवसांतच भानावर येऊ लागले. मानसिक आजाराचे मूळ ताटातही असू शकते, याचे याहून ठसठशीत उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

विदर्भाच्या वाचकाने या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पेलाग्राचा अमेरिकेतील तो पट्टा कापसाचा पट्टा होता. कूळ म्हणून राबणारी कुटुंबे घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावत, भाजीपाल्याला व गाईला जागा उरत नसे आणि मक्याचे पीठ, काकवी व डुकराची चरबी यांवर वर्ष काढावे लागे. कापसाचे भाव पडले की ताट आणखी आटे आणि पेलाग्रा वाढे. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या सोंडकिड्याने जिथे पीक बुडवले, तिथे लोक पुन्हा अन्नधान्याकडे वळले आणि पेलाग्राचे मृत्यू घटले, असेही पुढील काळातील अभ्यासकांनी आकड्यांनिशी मांडले आहे.

भारतातील कोडे वेगळे होते. मक्यात ट्रिप्टोफॅन फार तुटपुंजे असते आणि त्यातील निॲसिन बांधलेल्या स्थितीत असल्यामुळे शरीराला मिळत नाही, हे खरे. परंतु हैदराबादच्या आसपासच्या तेलंगण भागात, पैनगंगेच्या पलीकडे, हा रोग मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत आढळत होता. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. मग रोग का व्हावा? राळेगाव तालुक्यातील वडकीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवडा व आदिलाबाद मागे टाकून ज्या हैदराबादेत पोहोचतो, तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि १९६० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यांचे म्हणणे असे होते की ज्वारीचा दोष तिच्यात काय कमी आहे यात नसून काय जास्त आहे यात आहे, आणि ती जास्तीची वस्तू म्हणजे ल्युसिन.

हा हिशोब घरच्या परातीत मांडून पाहता येतो. अंगमेहनतीचे काम करणारा आणि इतर फारसे काही न मिळणारा माणूस दिवसाला अर्धा किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खातो असे धरले, तर त्या पिठात सुमारे ५० ग्रॅम प्रथिने येतात. त्यांत ल्युसिन सुमारे ६ ग्रॅम आणि ट्रिप्टोफॅन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या शिफारशींप्रमाणे ५० किलो वजनाच्या प्रौढाची रोजची गरज ल्युसिनची सुमारे २ ग्रॅम आणि ट्रिप्टोफॅनची सुमारे २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे कागदावर दोन्ही गरजेपेक्षा जास्तच आहेत, पण ल्युसिन ट्रिप्टोफॅनच्या बारापट आहे. हे असंतुलन ट्रिप्टोफॅनपासून निॲसिनच्या कामाचे अंतिम रूप बनण्याच्या वाटेत अडथळा आणते, असे गोपालन यांच्या गटाचे प्रतिपादन होते. माणसांना ल्युसिन वेगळे करून दिले असता लघवीतून जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनच्या उपपदार्थांत, विशेषतः क्विनोलिनिक आम्लात, वाढ झाल्याचे त्यांनी नोंदवले. डॉ. भवानी बेलवाडी यांच्यासह केलेल्या प्रयोगांत ज्वारीवर पोसलेल्या कुत्र्यांना काळी जीभ, म्हणजे पेलाग्राचा श्वानांमधील अवतार, झाल्याचे दिसले, तर कमी ल्युसिन असलेल्या ज्वारीच्या वाणांवर तसे घडले नाही.

मेंदूच्या दृष्टीने याच संस्थेतील पुढील काम अधिक लक्षणीय आहे. पेलाग्राच्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढण्यात आले, तेव्हा ते बिघडलेले आढळले. उपचाराने ते सुधारले आणि ल्युसिन दिल्यावर पुन्हा खालावले. डॉ. कमला कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास या रुग्णांची मनःस्थिती आणि रक्तातील बिंबिकांमधील सेरोटोनिन यांचा संबंध तपासला. बिंबिका म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी. त्या सेरोटोनिन साठवून ठेवतात, म्हणून मेंदूतील व्यवहाराचा अप्रत्यक्ष अंदाज घेण्यासाठी तेव्हा त्यांचा उपयोग केला जाई. एक सुटे अमिनो आम्ल तोंडाने दिले असता माणसाच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हे आजच्या भुकट्यांच्या जाहिरातींच्या कितीतरी आधी दख्खनच्या शेतमजुरांच्या सोबतीने तपासले गेले होते, आणि त्या तपासाची आठवण मराठी वाचकाला फारशी कोणी करून दिलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हा सिद्धान्त सर्वांनी जसाच्या तसा स्वीकारला, असे नाही. परदेशांतील काही प्रयोगशाळांना उंदरांवर तोच परिणाम दाखवता आला नाही, आणि आता सर्वसाधारण मत असे आहे की केवळ ल्युसिनने पेलाग्रा होत नाही. एकूण आहारच तोकडा असणे, ब गटातील सहाव्या व दुसऱ्या जीवनसत्त्वांची कमतरता (ट्रिप्टोफॅनचे निॲसिन होण्यासाठी ही दोन्ही लागतात) आणि दारूचे व्यसन यांची साथ मिळाली, की ल्युसिनचा भार बाधतो. ज्वारीला त्यामुळे बट्टा लागत नाही. भाकरीसोबत वरण, अंबाडीची भाजी, ताक आणि शेंगदाण्याची चटणी असेल, तर हे असंतुलन उरतच नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत १० मिलिग्रॅमहून अधिक निॲसिन असते. भाकर आणि मिरचीचा ठेचा एवढ्यावरच वर्षानुवर्षे भागवावे लागणे, हा खरा रोग होता.

ल्युसिनची ही कथा आता एका निराळ्या ठिकाणी पुढे सुरू झाली आहे. व्यायामशाळेत जाणारे तरुण 'बीसीएए' या नावाने ओळखली जाणारी जी भुकटी पाण्यात घोळून पितात, तिच्या डब्यावर बहुधा २:१:१ असे प्रमाण छापलेले असते. त्याचा अर्थ ल्युसिन दोन भाग, आयसोल्युसिन एक भाग आणि व्हॅलिन एक भाग. अशा ५ ग्रॅम मिश्रणात अडीच ग्रॅम ल्युसिन असते, म्हणजे ५० किलोच्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेहून अधिक, आणि ट्रिप्टोफॅन अजिबात नसते. चांगले जेवणाऱ्या तरुणाला यामुळे पेलाग्रा होईल अशी भीती घालणे चुकीचे ठरेल. परंतु ही भुकटी घेतल्यावर मेंदूकडे जाणारा ट्रिप्टोफॅनचा ओघ काही काळ घटतो, हे शरीरशास्त्राला धरून आहे, आणि ते समजण्यासाठी मेंदूच्या दाराशी काय घडते हे पाहावे लागते.

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांतल्यासारख्या सच्छिद्र नसतात. रक्तातील बहुतेक पदार्थांना तिथे थेट प्रवेश नसतो आणि ज्यांना तो हवा असतो, त्यांना भिंतीतील वाहक प्रथिनांमार्फत पलीकडे जावे लागते. वर्धा नदीला पूर आलेला असावा, काठावर गर्दी जमलेली असावी आणि पलीकडे नेणारा डोंगा एकच असावा, तशी ही स्थिती असते. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फिनाइलॲलॅनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही सगळी एकाच जातीच्या डोंग्यातून पार होतात. या गर्दीत ट्रिप्टोफॅनची संख्या नेहमीच कमी, कारण बहुतेक अन्नप्रथिनांत ते शंभरात एखादाच भाग असते. म्हणून भरपूर प्रथिनांचे जेवण झाल्यावर रक्तातील ट्रिप्टोफॅन वाढले, तरी मेंदूतील वाढत नाही. इतर प्रवासी त्याच्या कितीतरी पट वाढलेले असतात. याउलट, नुसती साखर किंवा पिष्ट पदार्थ दिले असता इन्शुलिनमुळे ल्युसिन व त्याचे सोबती स्नायूंत ओढले जातात, काठावरची गर्दी ओसरते आणि ट्रिप्टोफॅनला डोंग्यात जागा मिळते, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन फर्नस्ट्रॉम व रिचर्ड वर्टमन यांनी १९७१ मध्ये उंदरांवर दाखवले. मात्र त्या जेवणात थोडीशी प्रथिने मिसळली तरी हा परिणाम पुसला जातो, आणि माणसाच्या रोजच्या वरण-भात-पोळीत तेवढी प्रथिने असतातच. गोड खाल्ल्याने सेरोटोनिन वाढून मन प्रसन्न होते, या लोकप्रिय विधानाचा पाया एवढाच आहे.

या दारातील स्पर्धेचा सर्वांत स्पष्ट अनुभव कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णाला येतो. या रोगात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. डोपामिन तोंडाने दिले, तर ते मेंदूच्या भिंतीपलीकडे जात नाही. परंतु त्याच्या अलीकडच्या पायरीवरचे लेव्होडोपा हे अमिनो आम्ल दिले, तर ते त्याच डोंग्यातून पार होते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. १९६० च्या दशकात रूढ झालेला हा उपचार, हे अमिनो आम्लाने मेंदूचे रसायन बदलण्याचे वैद्यकातील सर्वांत यशस्वी उदाहरण आहे. हेच लेव्होडोपा खाजकुयलीच्या बियांत भरपूर असते. पावसाळ्यानंतर रानात वेलीवर लोंबणाऱ्या ज्या शेंगांच्या कुसांनी अंगाची आग होते, त्याच शेंगांच्या आत ही वस्तू दडलेली आहे. बियांच्या वजनात तिचे प्रमाण शेकडा तीन-चार किंवा त्याहूनही अधिक भरते. मद्रासमधील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ती या बियांतून वेगळी केली आणि आयुर्वेदात या बियांचा, म्हणजे कपिकच्छूचा, वापर त्याच्या फार आधीपासून होत आला आहे. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी घ्यावी, असे डॉक्टर बहुधा सांगतात, कारण डाळ, दूध किंवा अंडी यांतून आलेली अमिनो आम्ले डोंग्यातील जागा अडवतात आणि गोळी घेऊनही हात थरथरतच राहतो. एक अमिनो आम्ल पोटात गेले म्हणजे काम झाले असे नसून त्याच वेळी त्याच्यासोबत काय गेले यावर सगळे अवलंबून असते, हे अशा रुग्णाच्या घरातील माणसांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळलेले असते. खाजकुयलीच्या बियांची भुकटी मनाने घेणे मात्र घातक आहे. तिच्यातील औषधाचे प्रमाण बीगणिक बदलते आणि मळमळ, रक्तदाब उतरणे व भ्रम हे तिचे दुष्परिणाम खरे आहेत.

पूर्व विदर्भात भातामागून पेरल्या जाणाऱ्या लाखोळीच्या डाळीतही मेंदूशी थेट बोलणारे एक अमिनो आम्ल आहे. ओडॅप या संक्षिप्त नावाचे हे आम्ल १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते ग्लुटामेटची नक्कल करते, चेतापेशींना अतिरेकी उत्तेजित करते आणि दुष्काळात महिनोन्महिने जवळजवळ केवळ ही डाळ खाणाऱ्यांचे पाय त्यामुळे लुळे पडतात. या आजारापायी १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर आलेल्या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला. इथेही मात्रा आणि ताटातील सोबत यांवरच सारे ठरते.

अशा पार्श्वभूमीवर बाजारातील भुकट्यांचे मूल्यमापन करणे सोपे जाते. ट्रिप्टोफॅन झोप येण्यास थोडी मदत करू शकते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. नैराश्यावरील त्याच्या उपयोगाचा आढावा कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २००२ मध्ये घेतला, तेव्हा सापडलेल्या १०८ चाचण्यांपैकी केवळ दोन चाचण्या, मिळून ६४ रुग्णांच्या, विश्वासार्ह ठरल्या. त्यांचा कौल ट्रिप्टोफॅन व त्याच्या पुढच्या पायरीवरील 'फाइव्ह-एचटीपी' या पदार्थाच्या बाजूने होता, तरी एवढ्या पुराव्यावर रुग्णाला सल्ला देता येणार नाही, असेच आढावाकर्त्यांनी म्हटले. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांत स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींची वाढ असलेला नवाच आजार पसरला. १,५०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ३० च्या वर माणसे दगावली. बहुतेक प्रकरणांचा माग शोवा डेन्को या जपानी कंपनीच्या मालापर्यंत लागला आणि त्यातील अशुद्ध घटकांवर संशय गेला. अन्नाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूची शुद्धता औषधाइतकी तपासली जात नाही, हा त्या घटनेचा धडा आजही तितकाच लागू आहे.

टायरोसिनबद्दलचे निष्कर्ष मर्यादित पण रोचक आहेत. कडाक्याची थंडी किंवा जागरण यांच्या ताणाखाली असलेल्या सैनिकांत त्याने स्मरण व लक्ष काहीसे टिकून राहिल्याचे दिसले. मात्र ताण नसलेल्या मेंदूत टायरोसिनपासून डोपामिन बनवणारा विकर आधीच जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करत असतो, म्हणून कच्चा माल वाढवून उत्पादन फारसे वाढत नाही. तोंडाने घेतलेले गॅबा मेंदूच्या भिंतीपलीकडे फारच कमी जाते. अन्नातील ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. चहात नैसर्गिकरीत्या असलेले थिअनिन मन किंचित निवळवते, पण चाचण्यांत वापरलेली २०० मिलिग्रॅमची मात्रा एका कपात मिळत नाही. सिस्टिन या अमिनो आम्लापासून बनवलेले एन-ॲसिटिलसिस्टिन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरील खरे औषध आहे आणि काही मानसिक विकारांत त्याचा अभ्यास चालू आहे. परंतु तो डॉक्टरांचा प्रांत आहे.

सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य आणि ते वाढवले म्हणजे बरे वाटेल, ही मांडणी आता तज्ज्ञांनाही अपुरी वाटते. ट्रिप्टोफॅन वगळलेले अमिनो आम्लांचे मिश्रण प्यायला देऊन मेंदूतील सेरोटोनिन काही तासांपुरते उतरवण्याचे प्रयोग झाले आहेत. नैराश्यातून औषधाने बऱ्या झालेल्या काही रुग्णांचे मन त्यामुळे तात्पुरते पुन्हा खचले, पण निरोगी माणसांपैकी बहुतेकांना विशेष काही जाणवले नाही. शिवाय अन्नातून आलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी अगदी थोडा भाग सेरोटोनिनच्या वाट्याला येतो. मोठा हिस्सा निॲसिनकडे नेणाऱ्या वाटेने खर्च होतो आणि शरीरात दीर्घकाळ दाह असेल, तर तो हिस्सा आणखी वाढतो. नैराश्याची गोळी चालू असताना मनाने ट्रिप्टोफॅन किंवा 'फाइव्ह-एचटीपी' घेतले, तर मात्र सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, घाम, घबराट अशी जीवघेणी स्थिती उद्भवू शकते. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकासोबतही हा धोका असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत हे सांगणे अधिक निकडीचे आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा जिल्हा दोन दशकांहून अधिक काळ चर्चेत आहे आणि त्यामागील कर्ज, नापिकी, कोरडवाहू शेती व कापसाचे भाव ही कारणे कोणत्याही अमिनो आम्लाने दूर होणारी नाहीत. त्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला जेव्हा खरोखर नैराश्याचा आजार होतो, तेव्हा त्यावर समुपदेशन आणि औषध असे परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. झोपेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भुकटीत पैसे आणि महिने घालवले, तर तोच उपचार लांबतो. या भुकट्यांविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

गोपालन यांच्याच संस्थेने, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि ज्वारी वा गव्हासोबत तूर, हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती सर्व नऊ आवश्यक अमिनो आम्लांसह मिळतात. कापूस आणि सोयाबीन यांच्यामध्ये तुरीच्या ओळी राखणाऱ्या राळेगावच्या कास्तकाराने धुऱ्यावर थोडी भाजी आणि घरापुरती ज्वारीही राखावी, दुधातला काही वाटा घरातच ठेवावा. मेंदूला हवा असलेला कच्चा माल तिथूनच योग्य प्रमाणात येतो. ज्या कोणाला भुकटी घ्यावीच लागणार असेल, त्याने डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच ती घ्यावी. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व उमेद हरवलेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरच्यांनी त्या माणसाला एकटे न सोडता जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे, किंवा टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.